आजारी असूनही कामावर : बुडालेली उत्पादकता मोजायची कशी?

थर्मामीटर (धागाकर्ता)

चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. मागच्या पावसाळ्यात व्यवस्थापनाने माझ्यापुढे एक काम ठेवले. गैरहजेरीचा हिशेब आमच्याकडे पंचिंग यंत्रामुळे मिनिटापर्यंत चोख आहे. पण अंगात कणकण असताना, पाठ धरलेली असताना किंवा साखर वाढलेली असताना जे कामगार कामावर येतात, त्यांच्यामुळे किती काम बुडते याचा रुपयांतला आकडा काढून द्यावा, असे मला सांगण्यात आले. आकडा काढणे मुळीच अवघड नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळले. तो आकडा नेमका कशाचा आहे, हे सांगताना मात्र माझी पंचाईत झाली आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

इंग्रजीत याला 'प्रेझेंटीइझम' म्हणतात. मी येथे 'आजारी हजेरी' असा शब्द वापरतो. कोणास अधिक चांगला सुचल्यास अवश्य सांगावा. गोंधळाची सुरुवात या शब्दापासूनच होते, कारण अभ्यासकांमध्येच त्याचे दोन अर्थ रूढ आहेत. युरोपात, विशेषतः स्वीडनमध्ये, आजारी असताना कामावर जाणे या कृतीलाच हे नाव मिळाले. गुन्नार आरॉनसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तब्येत पाहता रजा घ्यायला हवी होती असे वाटत असूनही गेल्या वर्षभरात किती वेळा कामावर गेलात, असा प्रश्न होता. सुमारे एक तृतीयांश लोकांनी दोन किंवा अधिक वेळा असे उत्तर दिले, आणि शिक्षण व शुश्रूषेच्या व्यवसायांत हे प्रमाण अधिक होते. अमेरिकेत मात्र कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा मोठा भार मालकावर असल्यामुळे तोच शब्द कामावर असताना होणाऱ्या घटीसाठी वापरला जाऊ लागला. एकाला माणूस का आला हे जाणून घ्यायचे आहे आणि दुसऱ्याला तो आल्यावर किती नुकसान झाले हे. माझ्या व्यवस्थापनाला अर्थातच दुसरे हवे आहे.

मोजण्याच्या पट्ट्या पुष्कळ आहेत. १९९३ मध्ये रायली, झब्रोझेक आणि ड्यूक्स यांनी मांडलेली 'डब्ल्यूपीएआय' ही सहा प्रश्नांची प्रश्नावली त्यांपैकी फार वापरली जाते. ती फक्त मागच्या सात दिवसांविषयी विचारते: नोकरी करता का, आजारपणामुळे किती तास बुडाले, इतर कारणांनी किती बुडाले, प्रत्यक्ष किती तास काम केले, काम करताना आजारपणाचा शून्य ते दहापैकी किती परिणाम झाला, आणि घरच्या व रोजच्या व्यवहारांवर किती झाला. समजा, एका कामगाराचे आठवड्यात ८ तास तापामुळे बुडाले, ४० तास त्याने काम केले आणि परिणाम ३ असा नोंदवला. बुडालेला वेळ ४८ पैकी ८ तास, म्हणजे १६.७ टक्के. राहिलेल्या ८३.३ टक्के वेळात ३० टक्के घट, म्हणजे आणखी २५ टक्के. एकूण ४१.७ टक्के. हजेरीपत्रकाला यातले फक्त १६.७ टक्के दिसतात; उरलेले २५ टक्के कामगाराने एका आकड्याभोवती काढलेल्या गोलावर उभे आहेत.

याखेरीज लर्नर व सहकाऱ्यांची २००१ ची 'डब्ल्यूएलक्यू' आहे, जिच्यात २५ प्रश्न असून ती मागचे दोन आठवडे पाहते. स्टॅनफर्डची सहा प्रश्नांची पट्टी २००२ ची. तिचे गुण ६ ते ३० च्या दरम्यान येतात, परंतु ती तास देत नाही, आजाराचा अडथळा असूनही काम कितपत पार पाडता आले एवढेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी रोनाल्ड केसलर यांची 'एचपीक्यू' कर्मचाऱ्याला स्वतःच्या कामाला आणि त्याच प्रकारचे काम करणाऱ्या इतरांच्या कामाला शून्य ते दहा गुण द्यायला लावते.

पट्टी कोणतीही घ्या, उत्तर साधारण सारखेच येईल, अशी माझी भाबडी समजूत होती. ती कॅनडातील एका अभ्यासाने मोडली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संधिवाताच्या त्याच नोकरदार रुग्णांना चार वेगवेगळ्या प्रश्नावल्या दिल्या होत्या. दोन आठवड्यांत कामावर असताना वाया गेलेले सरासरी तास असे निघाले: एका जुन्या डच प्रश्नावलीने १.६, 'डब्ल्यूएलक्यू'ने ४.०, 'एचपीक्यू'ने १३.५ आणि 'डब्ल्यूपीएआय'ने १४.२. माणसे तीच, सांधे तेच, आणि हानी जवळजवळ नऊपट. कॅनडाच्या डॉलरमध्ये पाहिले तर ३० पासून २८५ पर्यंत. वजनकाट्याच्या बाबतीत असे घडले असते तर आपण काटा भंगारात घातला असता.

आता माझा स्वतःचा अनुभव. आम्ही प्रश्नावली मराठीत तयार करून वेल्ड शॉपच्या दोन शिफ्टमध्ये वाटली. पहिल्याच दिवशी एक जुना कामगार कागद उलटसुलट करून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दहा म्हणजे चांगलं का वाईट?" प्रश्न अगदी रास्त होता. 'डब्ल्यूपीएआय'मध्ये दहा म्हणजे काम पूर्ण ठप्प, आणि 'एचपीक्यू'मध्ये दहा म्हणजे उत्कृष्ट काम. शाळेपासून दहापैकी दहा म्हणजे शाबासकी हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, तो माणूस दहाला वाईट मानायला सहजासहजी तयार होत नाही. त्याच कामगाराने 'गेल्या सात दिवसांत काही आजार होता का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले होते. खिशातून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटाकडे मी बोट दाखवले, तर तो हसून म्हणाला, "ही शुगरची गोळी. आजार नाही काही." पाठदुखी, पित्त, रात्रपाळीनंतर न लागणारी झोप, डोळ्यांची आग यांपैकी कशालाही आमचा कामगार आजार म्हणत नाही, आजार म्हणजे ज्यासाठी ॲडमिट व्हावे लागते तो. शेवटी आम्ही 'आजार' हा शब्द काढून 'अंगात बरे नव्हते किंवा काही दुखत होते' अशी वाक्यरचना केली, तेव्हा कुठे लोक बोलू लागले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि ती आमचीच होती. मनुष्यबळ विभागाने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात टोकन नंबरचा, म्हणजे कामगाराची ओळख पटवणाऱ्या क्रमांकाचा, रकाना छापला होता. पहिल्या फेरीत जवळपास सर्वांनी परिणाम शून्य नोंदवला. कंत्राटी मुलांनी तर एकजात शून्य. रकाना काढून कागद एका बंद पेटीत टाकायला सांगितले, तेव्हा दोन, तीन, पाच असे आकडे दिसू लागले. ताप तोच, कामगार तेच, फक्त कोपऱ्यातला एक चौकोन गेला.

आणि तिसरी गोष्ट, जी मला अजून नीट उलगडलेली नाही. लाइनचा वेग ठरलेला असतो. एका स्टेशनवरचा माणूस मंदावला तरी ताशी नग कमी होत नाहीत, कारण शेजारच्या स्टेशनवरचा सोबती हात पुढे करून त्याचे बोल्ट आवळून देतो. हानी झालीच, पण ती आजारी माणसाच्या खात्यावर न पडता शेजाऱ्याच्या खांद्यावर पडली. किंवा ती रीवर्कच्या, म्हणजे सदोष नग दुरुस्त करण्याच्या, टेबलावर दोन तासांनी दिसली, तिथे ती कोणाची हे सांगता येत नाही. अशा ठिकाणी एकेकट्या माणसाची हानी विचारून बेरीज करणे कितपत योग्य आहे?

जाणकारांनी मार्गदर्शन करावे. विशेषतः हा आकडा रुपयांत मांडावा की नाही, याविषयी.

कळफलक

उत्तम धागा. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. आमच्याकडे लाइनही नाही आणि नगही नाहीत, त्यामुळे आपली अडचण आमच्याकडे दुप्पट होते.

घरून काम सुरू झाल्यापासून आजारी हजेरीचे स्वरूपच बदलले आहे. पूर्वी तापात हिंजवडीच्या वाहतूककोंडीतून जाणे अशक्य, म्हणून तरी माणूस रजा टाकत असे. आता लॅपटॉप उशाशीच असतो, त्यामुळे 'लॉगिन तरी करून ठेवतो' असे म्हणत १०१ ताप असलेला माणूस दिवसभर हिरव्या ठिपक्यासह हजर दिसतो. हे कामावर जाणे आहे की घरी राहणे? आरॉनसन यांच्या व्याख्येत याला कुठे बसवणार?

सात दिवसांच्या आठवणीविषयी एक स्वानुभव सांगतो. डेंग्यूनंतरच्या अशक्तपणात मी कामावर रुजू झालो आणि एका दुपारी माहितीच्या एका तक्त्यातील तारखांचे स्वरूप चुकीचे बदलून ठेवले. त्या आठवड्यात मला कोणी विचारले असते तर 'परिणाम दोन' असे मी प्रामाणिकपणे सांगितले असते, कारण ठरलेली कामे वेळेत पूर्ण झाली होती. ती चूक तिमाहीअखेर अहवाल जुळेनात तेव्हा सापडली आणि चार जणांचे तीन दिवस ती निस्तरण्यात गेले. हे दिवस कोणत्याही प्रश्नावलीत आले नाहीत. बौद्धिक कामात हानी वेगात नसून चुकीत असते, आणि चूक करणाऱ्याला ती चूक त्या वेळी ठाऊकच नसते. मग त्यालाच विचारून ती कशी मोजणार?

रजेचा मुद्दाही यात येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, त्या तिमाहीवार खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर उरल्यास बुडतात. आजारपणाची म्हणून निराळी रजा त्यात नाही. लग्नकार्य, मुलांची शाळा आणि ताप हे सगळे त्या आठांतच बसवायचे असल्यामुळे तापाचा नंबर शेवटी लागतो.

मध्यमान

मी संख्याशास्त्राचा मनुष्य आहे, म्हणून थोडे रुक्ष लिहितो.

आपल्या माहितीत पुष्कळ शून्ये आणि थोडे मोठे आकडे असणार. अशा वितरणाची सरासरी दोन-तीन माणसांच्या सातांवर आणि आठांवर झुलत राहते, आणि मध्यक (चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) शून्यावरच बसतो. व्यवस्थापनाला एकच आकडा दिलात तर ते त्यास सर्व कामगारांच्या संख्येने गुणतील. त्यापेक्षा किती टक्के लोकांनी शून्याहून अधिक सांगितले, आणि ज्यांनी सांगितले त्यांच्यात ते किती पसरलेले आहे, हे दोन भाग वेगळे द्यावेत.

याहून मूलभूत प्रश्न तुलनेचा आहे. '३० टक्के घट' म्हणजे कशाच्या तुलनेत? निरोगी माणूसही शिफ्टच्या शेवटच्या तासात शंभर टक्के काम करत नाही. 'एचपीक्यू'ने यावर एक तोड काढली आहे: स्वतःला ७ आणि इतरांना ८ दिले तर सापेक्ष मूल्य ०.८७५ येते, तर निरपेक्ष मूल्य ७०. निरपेक्ष मूल्य वापरले तर पूर्ण ३० टक्के हानी आजारापोटी गेली असे भासते, जरी इतर निरोगी सोबती स्वतः ८० वरच असले तरी. मी पाहिलेल्या सादरीकरणांत नेहमी निरपेक्ष मूल्यच असते, कारण ते मोठे दिसते.

मोठे दिसणारे आकडे कसे तयार होतात याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २००३ मध्ये व्यावसायिक व पर्यावरणीय वैद्यकाच्या एका अमेरिकन नियतकालिकात आलेला स्टुअर्ट व सहकाऱ्यांचा अभ्यास. आजारपणापोटी वर्षाला २२,५८० कोटी डॉलरचे काम बुडते आणि त्यातील ७१ टक्के हानी कामावर असताना घटलेल्या कामाची आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा पुढे अनेक आरोग्य-कार्यक्रम विकणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांचा आधारस्तंभ ठरला. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे, पण तो दूरध्वनीवरून घेतलेल्या मुलाखतींवर उभा आहे आणि हरवलेल्या प्रत्येक तासाला त्या माणसाच्या वेतनाने गुणलेले आहे. म्हणजे तो तास खरोखर वाया गेला, कोणीही तो भरून काढला नाही, आणि दुसऱ्या दिवशी माणसाने मागे पडलेले काम ओढून नेले नाही, अशी तीन गृहीतके त्यात दडलेली आहेत. नेदरलँड्समधील अर्थशास्त्रज्ञांनी याला पर्याय म्हणून 'घर्षण खर्च' पद्धत मांडली, ज्यात कामाची घडी पुन्हा बसेपर्यंतचीच हानी धरतात. ती मुख्यतः दीर्घ गैरहजेरीसाठी आहे, तरी तिचा विचार आपल्या उपयोगी पडेल.

लाइनच्या प्रश्नाबद्दल: एकेकट्याची हानी न विचारता लाइन हेच एकक धरावे. ज्या दिवशी एका लाइनवर 'बरे नव्हते' म्हणणारे अधिक, त्या दिवशीचे रीवर्क अधिक होते का, एवढे पाहावे. अमेरिकेतील एका मोठ्या बँकेच्या दूरध्वनी केंद्रात १९९० च्या दशकाअखेरीस बर्टन व सहकाऱ्यांनी संगणकावर आपोआप नोंदले जाणारे काम आरोग्यविषयक माहितीशी जोडून पाहिले होते. परागकणांच्या मोसमात ॲलर्जी असलेल्यांचे काम कसे उतरते हेही त्यांनी त्याच मार्गाने तपासले. तिथे कोणाला 'तुम्हाला किती वाटते' असे विचारावे लागले नाही. मात्र असे तयार मोजमाप फार थोड्या कामांत असते.

उसाचा फड

ही चर्चा वाचून एक शब्द आठवला, तो नोंदवतो. आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाकडून उचल मिळते आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची असते. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे 'खाडा'. खाड्याच्या दिवशी मजुरी तर जातेच, शिवाय दंडही उचलीत चढतो. जोडपे मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरला जात असल्यामुळे बाई आजारी पडली की नवऱ्याचाही दिवस बुडतो. त्यामुळे ताप असो, पाळी असो, बाळंतपण जवळ आलेले असो, पहाटे फडात उतरावेच लागते.

ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे अनेकांना आठवत असेल. त्यामागे फक्त डॉक्टरांचा लोभ नव्हता. महिन्याचे दुखणे आणि त्यापायी होणारा खाडा कायमचा टाळावा, हा विचारही होता. आपल्या प्रश्नावलीत या बाईचे काय दिसेल? बुडालेले तास शून्य. तोडलेल्या उसाचे टन जवळपास तेवढेच. म्हणजे आपल्या पट्टीने मोजले तर ही महाराष्ट्रातील सर्वांत 'निरोगी' कामगार ठरेल. उत्पादकतेची हानी दिसत नाही, कारण ती हानी शरीरातून आधीच वसूल झालेली आहे.

लघुउद्योजक

सर्वांचा आदर राखून थोडे विरोधी मत मांडतो. भोसरीत माझा बारा माणसांचा वर्कशॉप आहे. आपण सर्वजण असे गृहीत धरत आहात की आजारी माणूस नाइलाजाने कामावर येतो. मला उलटा अनुभवही आहे. सोमवारी 'पोट बिघडले' म्हणणाऱ्यांची संख्या गुरुवारपेक्षा अधिक का असते? भरपगारी आजारी रजा मोकळेपणाने दिली तर माझ्या दोन सीएनसी मशीन आठवड्यातून एक दिवस बंद राहतील, आणि ग्राहक मला उशिराचा दंड लावेल. अर्धवट क्षमतेने का होईना, पण ऑपरेटर मशीनपाशी उभा असणे हे मशीन बंद असण्यापेक्षा मला परवडते. शून्याशी तुलना केली तर आजारी हजेरी ही हानी नसून ५०-६० टक्क्यांचा लाभ आहे. हा विचार कोणत्याही प्रश्नावलीत मला दिसला नाही.

थर्मामीटर (धागाकर्ता)

लघुउद्योजक, आपला मुद्दा मी उडवून लावणार नाही. तो अभ्यासकांनीही मांडला आहे. गॅरी जॉन्स यांच्या २०१० च्या आढाव्यात ही बाजू स्पष्टपणे येते: कामावर आलेला आजारी माणूस हा न आलेल्या माणसाच्या तुलनेत काही तरी देतोच. सौम्य दुखण्यात माणसांत मिसळणे आणि हलके काम करणे औषधासारखे लागू पडते, हे मी स्वतः पाठदुखीच्या रुग्णांत पाहतो. त्यांना दीर्घकाळ अंथरुणावर ठेवणे उलट वाईट.

परंतु आपला हिशेब त्या दिवसापुरता आहे. ब्रिटिश सरकारी नोकरांवरील व्हाइटहॉल अभ्यासमालेत किविमाकी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की ज्या पुरुष कर्मचाऱ्यांची तब्येत मुळात बरी नव्हती आणि तरीही ज्यांनी तीन वर्षांत एकही आजारी रजा घेतली नाही, त्यांच्यात पुढे हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण, तशाच तब्येतीच्या पण मध्यम प्रमाणात रजा घेणाऱ्यांच्या तुलनेत, दुप्पट होते. रजेमुळेच हृदय वाचले असे यावरून सिद्ध होत नाही, पण शून्य खाड्याचे प्रमाणपत्र पाहून खूश होण्यासारखे काही नाही एवढे नक्की. शिवाय तापात मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरचे बोट हा आपल्या ५०-६० टक्क्यांच्या हिशेबात नसलेला रकाना आहे. दोन टाके मी महिन्यातून एकदा तरी घालतो.

सोमवारचे म्हणाल तर माझ्या ओपीडीतही सोमवारी गर्दी असते. त्यातले काही खरोखर रविवारचे असतात, हे मान्य.

अबोली

एका मोठ्या संख्येविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. मी बँकेच्या शाखेत रोखपाल आहे.

नेदरलँड्समध्ये ३२,७४८ स्त्रियांची पाहणी करून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळीच्या त्रासामुळे प्रत्यक्ष गैरहजेरी वर्षाला सरासरी १.३ दिवस होती. कामावर किंवा वर्गात असताना वाया गेलेला वेळ मात्र ८.९ दिवसांइतका होता. आणि त्रासामुळे रजा घेतली तेव्हा खरे कारण सांगणाऱ्या पाचांत एकच. नेदरलँड्ससारख्या मोकळ्या समाजात ही स्थिती असेल, तर आमच्या शाखेत 'डोके दुखते आहे' याखाली काय काय लपलेले असते याची कल्पना करावी.

काउंटरवर मी त्या दिवसांत नोटा दोनदा मोजते. मशीनने मोजल्या तरी हाताने पुन्हा मोजते, कारण रोकड कमी पडली तर ती माझ्या खिशातून भरावी लागते. रांग हळू सरकते आणि ग्राहक कुरकुरतात. चूक एकही होत नाही. थर्मामीटर, आपल्या वेल्ड शॉपमध्ये स्त्रिया आहेत का? असतील तर प्रश्न विचारणारी व्यक्ती कोण होती?

उत्तररात्र

गोटेनबर्गहून लिहितो. स्वीडनचा उल्लेख आला म्हणून एक पुरवणी. इथे १९९३ पासून आजारपणाचा पहिला दिवस बिनपगारी असे, त्याला 'कारेन्सदाग' म्हणत. २०१९ पासून दिवसाऐवजी ठरावीक वजावट होते. कोविडच्या काळात सरकारने हा भार तात्पुरता स्वतः उचलला, कारण एका दिवसाचा पगार जाईल या धास्तीने वृद्धाश्रमातील कर्मचारी शिंकत कामावर गेले तर काय होईल हे सर्वांना दिसत होते.

भारतात राज्य कामगार विमा योजनेत याहून कडक अट आहे, असे आठवते. डॉक्टरसाहेब सांगतील.

थर्मामीटर (धागाकर्ता)

बरोबर आठवते. राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला कमाल ९१ दिवस. पण आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही, मागच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्याखेरीज. साधा विषाणूजन्य ताप किती दिवसांचा असतो? तीन. म्हणजे ज्या आजारात माणसाने घरी राहून इतरांना लागण देणे टाळावे, नेमका तोच आजार पदरमोड करून भोगावा लागतो. त्यावर आमच्या कारखान्यात महिनाभर एकही दिवस न चुकवणाऱ्यास हजेरी भत्ता आहे. एक खाडा झाला की पूर्ण महिन्याचा भत्ता जातो. व्यवस्थापन एका हाताने तापातल्या माणसाला आत येण्यासाठी पैसे देते आणि दुसऱ्या हाताने मला विचारते की तो आल्यामुळे किती नुकसान झाले.

अबोली, आपला प्रश्न मला टोचला, कारण उत्तर लाजिरवाणे आहे. वायरिंग हार्नेसच्या (वाहनातील तारांचे जुडगे बांधण्याच्या) विभागात बहुतेक मुलीच आहेत, आणि तिथे कागद वाटायला त्यांचाच पुरुष सुपरवायझर गेला होता. ती फेरी मी रद्द धरतो. पुढची फेरी आमच्या परिचारिका घेतील, आणि 'पोटात किंवा कंबरेत दुखणे' हा पर्याय पाळीचा उल्लेख न करता यादीत असेल.

मध्यमान यांच्या सूचनेप्रमाणे आता एकेकट्याऐवजी लाइन हे एकक धरणार आहे, आणि रीवर्कच्या नोंदी दर्जा विभागाने द्यायचे मान्य केले आहे. रुपयांतला आकडा या अहवालात देणार नाही. त्याऐवजी हजेरी भत्ता महिन्याऐवजी दिवसाच्या हिशेबाने कापला तर काय होते, हे एका शॉपमध्ये तीन महिने पाहू द्यावे, अशी विनंती करणार आहे. ती मान्य होईल याची खात्री नाही.

मध्यमान

योग्य. एकच शंका. भत्ता बदलण्याआधीची आणि नंतरची उत्तरे त्याच माणसाची आहेत हे कळल्याशिवाय तुलना फार दुबळी राहील, आणि टोकन नंबर तर आपण काढून टाकला. जोडणी कशी करणार?

थर्मामीटर (धागाकर्ता)

कामगारानेच स्वतःची खूण तयार करायची: आईच्या नावाचे पहिले अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेतला दिवस, आणि गावाच्या नावाचे शेवटचे अक्षर. तीन महिन्यांनी तीच खूण पुन्हा लिहायची. ती कोणाकडेही नोंदलेली नसेल. दोघांची खूण एकसारखी निघाली तर ते दोन्ही कागद जोडणीतून वगळीन. काल परिचारिकांनी पाच जणांवर करून पाहिले. एकाने विचारले की गाव म्हणजे मूळ गाव की आता राहतो ते, म्हणून कागदावर 'मूळ गाव' असे स्पष्ट लिहिले आहे.